फेस बसू दे

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये
सोळा मशीनं रांगेत उभी होती,
दूध न चाखता फॅट सांगणारी.
त्यांच्या पोटातला हिशेब माझा.
चेअरमन भैरूअण्णा स्टुलावर बसले,
चहाची बशी गुडघ्यावर टेकवून म्हणाले,
"ताई, सहा पॉइंट सत्तेचाळीस आलं की
सहा पॉइंट चार दिसू दे. एवढंच.
शेवटचा आकडा म्हशीला तरी कळतोय का?"

एकच ओळ होती.
आजवर तिथं लिहिलेलं : जवळचा आकडा धर.
आता लिहायचं : खालचा धर.
नेहमी खालचा.

मी हिशेब केला, मला तेवढंच येतं.
दोनशे चाळीस घरं, सकाळ-संध्याकाळ,
धारेमागे रुपया, फार तर सव्वा.
महिन्याला अठरा हजार गळतात
आणि कुणाच्याच बादलीला भोक नाही.

"मी खातोय व्हय?" अण्णा म्हणाले,
आणि ते खरंच खात नव्हते.
"दिवाळीला घरटी स्टीलचा डबा देतोय की.
डेअरीवर पत्रा घातला. मागल्या साली
लाळ्या-खुरकुताची लस टोचली, फुकट."
आवाज चोराचा नव्हता.
अवघड झालं ते त्यामुळंच.

संध्याकाळच्या एमबीएला यावर एक पेपर होता.
सरांनी फळ्यावर तीन रकाने आखलेले :
परिणाम, कर्तव्य, शील.
तिसऱ्या रकान्यात खडू तुटला
आणि तास संपला.
मला अठ्ठावन्न मार्क पडले.

परिणामाच्या रकान्यात डबा बसत होता,
पत्रा बसत होता, लसही बसत होती.
आनूबाई सुतार कुठं बसवायची?
डेमोच्या दिवशी किटली पायाशी ठेवून
पावती डोळ्यांना लावत तिनं विचारलेलं,
"बाई, ह्ये खोटं बोलत न्हाई न्हवं?"
मी म्हटलं, नाही.
तेव्हा ते खरं होतं.

नेजदार सर म्हणाले, "आपण सुरी विकतो.
कांदा चिरायचा का आणखी काय, गिऱ्हाईक बघेल."
सोळा मशीनांचं बिल, अकरा जणांचा बोनस,
पॅकिंगच्या रुक्सानाची थकलेली भिशी,
सगळं त्या एका ओळीला टांगलेलं.
रात्री साडेनऊला शेडमध्ये मी एकटी,
स्क्रीनवर किडे येऊन आपटत होते.

ओळ बदलली.
खालचा आकडा धरला.
मग तिच्याखाली अजून एक लिहिली :
पावतीवर खरा आकडाही छाप,
बारीक अक्षरात का होईना, छाप.
धाडस म्हणू नका याला.
धाडस असतं तर पहिली ओळ लिहिलीच नसती.

चौथ्या दिवशी मशीनं परत आली,
टेम्पोतून, ताडपत्रीखाली,
एकीच्या जाळीत अजून दुधाचा वास.
तिथं आता दुसऱ्या कंपनीची बसलीत,
एकच आकडा छापणारी.
बोनस निम्मा झाला.
रुक्साना बोलते माझ्याशी,
जेवायच्या सुट्टीत मात्र पाठ करून बसते.
आनूबाईला सहा पॉइंट चार.
सर, परिणामाच्या रकान्यात काय लिहू?

घरी जायचं सोडून गंगावेशीत उतरले.
कट्ट्यावर म्हशी रवंथ करत उभ्या,
हिंदुरावनं थेट ग्लासात धार काढली.
फेस काठाच्या वर आला, पांढरा, फुगलेला.
मी पैसे पुढं केले, ग्लासाला हात घातला.
"थांबा," तो म्हणाला. "फेस बसू दे."

आम्ही थांबलो.
मागं चार गिऱ्हाईकं खोळंबलेली,
एक रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला.
दूध दोन बोटं खाली गेलं.
कुणाशी तरी कुस्तीबद्दल बोलता बोलता,
ग्लासाकडं न बघताच,
त्यानं पुन्हा धार सोडली.