सोनावलीला पन्नास सेकंद

दोन दिवस, तीन घरं, अकरा माणसं.
सिमेंटच्या बिलबुकामागे
मी वेळापत्रक आखतोय, पेन्सिलनं,
कारण लिबोरियो अजून नक्की सांगत नाही
मेहुणी लिस्बनहून शनिवारी उतरते की रविवारी.

शनिवारी सकाळी वास्को.
सुलक्षाच्या बेडरूममध्ये बंदर आहे.
पलंग भिंतीशी उभा केला की खाली
धक्का, क्रेन, वॅगनांत वाळवलेल्या चहाचं खनिज.
चौघंच मावतात, आणि चौथ्यानं
कपाटाचं दार उघडायचं नाही.
दुपारी चांदर, लिबोरियोचं नारळाचं कोठार,
तिथं यार्ड मोठं, पण खोबऱ्यामागे उंदीर येतात
आणि मागच्या वर्षी एकानं
मडगावचा होम सिग्नल नेला.

रविवार माझ्याकडे. कुडचडे, दुकानावरची खोली, घाट.
तीन वर्षं वर्तमानपत्रं भिजवून उभा केलेला डोंगर.
त्याला मुंग्या लागल्यात. बोगद्यातून
मालगाडीच्या आधी त्याच बाहेर येतात,
बरोबर वेळेवर.

वास्कोहून सगळ्यांनी खऱ्या पॅसेंजरनं यायचं ठरलं होतं.
तीच रद्द आहे, रुळांचं काम.
म्हणजे आम्ही रेल्वेवाले येणार
साईशच्या बापाच्या मिनीबसनं.

आता कामं.
आमच्या घड्याळात तास दहा मिनिटांचा,
त्यामुळे बेळगावच्या हुद्दार बंधूंना एकाच गाडीवर ठेवायचं नाही,
त्यांचं भांडण मिटेपर्यंत आमचा अर्धा दिवस जातो.
साईशला मागचं इंजिन द्यावं, चढावर ढकलायला,
पोराचा हात हलका आहे.
आणि कंट्रोलर कोण, हा प्रश्नच नव्हता:
फुर्तादो. आग्नेल फुर्तादो,
हुबळीच्या कंट्रोलरूममध्ये एकतीस वर्षं,
कानाला फोन, समोर आलेख,
वेळ आडवी, स्टेशनं उभी,
आणि प्रत्येक गाडी म्हणजे तिरकी रेघ.
झोपेतसुद्धा क्रॉसिंग लावेल हा माणूस.

काल सांगायला गेलो. अंगणात सोलं वाळत होती.
वेळापत्रक त्यानं बारीक डोळ्यांनी वाचलं,
दोन चुका काढल्या, दोन्ही खऱ्या,
मग बोट ठेवलं सोनावलीवर.
माझ्या डोंगरातलं सगळ्यात लहान स्टेशन,
एक टपरी, एक लूप, काडेपेटीएवढी पाण्याची टाकी.
तिथं मी कुणालाच नेमलं नव्हतं.
दिवसभरात एक मालगाडी थांबते, बस.

'हें म्हाका दी,' म्हणाला.
मी म्हटलं, तिथं काय करणार तुम्ही?
तो सोलं परतत राहिला.
'एकतीस वर्सां गाडयो चलयल्यो,' म्हणाला,
'एक लेगीत येतना पळोवंक ना.'

खरंच की. त्यानं गाडी ऐकली होती फक्त,
कुळ्याहून सुटली, काल्याला आली,
इंजिन तापलं, गार्डला ताप आहे,
फोनवरच्या बायका-बाप्यांच्या आवाजांत.
बघायला खिडकी होती ती पार्किंगवर उघडायची.

रात्री बसून सगळं पुन्हा आखलं.
कंट्रोलर आता सुलक्षा, तिला आवाज आहे.
मालगाडीला सोनावलीत पाच मिनिटं जास्त दिली,
कारण लिहिलं: इंजिनाला पाणी.
खऱ्या घड्याळात ते पन्नास सेकंद होतात.
स्टूल लागेल त्याला, गुडघे वाकत नाहीत,
आणि डोळा रुळाच्या पातळीला यायला हवा
वळणावरून पुढचा दिवा दिसायचा तर.

हे सगळं वीज असली तर.
खात्याची नोटीस आहे, रविवार, नऊ ते एक.
साळगावकरांचा जनरेटर मिळतो का, सकाळी विचारायचं.
आणि मुंग्यांची पावडर.