जग संपल्यानंतरचे अकरा रविवार

जग संपवायला अकरा रविवार लागले.
इतर दिवशी मिलाग्रीसचं कुडचड्याला मोबाइलचं दुकान,
आणि मला पंचायतीचं पाणी सोडायचं असतं.

बजेट चौदा हजार सातशे.
त्यातले नऊशे चांदीच्या कागदाचे,
तोच, ज्यात बेकरीवाला पॅटिस गुंडाळतो.
शेवंतानं त्याचे सूट शिवले, किरणोत्सारापासून वाचवणारे.
बसलं की फाटायचे.
म्हणून आमच्या सिनेमात
जग संपल्यावर कोणीच बसत नाही.

नाश मात्र फुकट मिळाला.
रिवणच्या खाणीवर नुसता फोन उभा केला:
पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेलं लाल,
तळाला हिरवं पाणी, किती खोल ते कोणी सांगत नाही,
कन्व्हेयरच्या सापळ्यात माजलेली रानमोडी,
आणि कडेला रांगेत टिप्पर.
टायर नाहीत. एकाच्या काचेवर अजून 'आईचा आशीर्वाद'.
मिलाग्रीस म्हणाला, हे पुसूया, साल बावीसशे अकरा आहे.
मी म्हटलं, राहू दे.
तो माझा होता.

कुष्टा वेळीप झाला राक्षस.
तोंडाला पोफळीची विरी, डोळ्यांच्या जागी दोन सीडी.
चालताना सीडीत ऊन सापडायचं
आणि अर्धा सेकंद खरंच पोटात गोळा यायचा.
मग त्याचं मनगटावरचं घड्याळ दिसायचं.

अंतराळयान म्हणजे रोझारिओचं तांब्याचं भाण,
काजूचा हंगाम संपल्यावर मागून आणलेलं, उलटं घातलेलं.
आत शिरलं की अजून हुर्राकाचा वास.
मानवजातीची शेवटची आशा
तीन टेकमध्ये उगाचच हसताना दिसते.

मी शेवटचा माणूस.
मला एकच वाक्य: "कोणी आहे का?"
खाणीच्या कडेवर उभं राहून ओरडायचं.
एकवीस वेळा ओरडलो.
कधी मोर आला, कधी माझाच घसा बसला,
एकदा कुष्टा खालून म्हणाला, "आसा, आसा."
बाविसाव्या वेळी ओरडलो
आणि वरच्या रस्त्यावरून, वाऱ्याबरोबर,
पोंऽ पोंऽ
संध्याकाळचे उंडे घेऊन निघालेला पोदेर.
मिलाग्रीसनं कट म्हटलं नाही.
बॅटरी सहा टक्के होती.

देवळाच्या अग्रशाळेत दाखवला, चादरीवर.
चादरीला मध्येच शिवण,
त्यामुळे क्षितिज सगळीकडे एकाच उंचीवर.
लोक हसले. घड्याळाला हसले, विरीला हसले,
शेवंताच्या मुलानं "आई, तुझा कागद!" म्हणून ओरडून सांगितलं.
पोदेराला तर टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून पुतू नाईक उठला.
अठरा वर्षं चालवली त्यानं, दिवसाला सहा खेपा.
म्हणाला, जरा मागे घे.
आणखी मागे.
थांब.
आणि चादरीजवळ जाऊन, आपल्याच सावलीतून वाट काढत,
बोट ठेवलं रांगेतल्या चौथ्यावर.
"सत्तावीस नंबर," म्हणाला. "आरसा अजून आहे बघ."
मग बाकीचे उठले.
कोणाचा कुठला, ते बोटांनी दाखवू लागले,
चादर हलली, खाण हलली,
गोष्ट कुठे होती ते कोणी विचारलं नाही.

मोठ्या सिनेमांत पूल पडतात, शहरं पडतात,
मी मडगावला बघितलेत, तिकीट काढून, थंडगार हॉलमध्ये.
इतकं सफाईनं पडतं सगळं
की घरी येताना मी फक्त शेवटच्या बसचा विचार करतो.
आमच्या सिनेमात यान उडतं तेव्हा दोरा दिसतो.
नीट बघितलं तर दोऱ्याच्या वर
रोझारिओचा अंगठाही दिसतो, भाजलेला,
भाण त्याचं, फुटू नये म्हणून स्वतः धरून बसलेला.

आता मिलाग्रीस दुसऱ्या भागाचं बोलतोय.
त्यात पूर येणार म्हणे, खाण काठोकाठ भरणार.
शेवंता एवढंच विचारते,
चांदीचा कागद पाण्यात टिकतो का.