साडेबारा ते दोन

आमची चक्की दुपारी साडेबाराला बंद होते.
पाटी लावलेली नाही. अमळनेरात, निदान आमच्या गल्लीत,
सगळ्यांना ठाऊक आहे :
मोटर सुरू झाली की वरच्या खोलीतला राउटर मान टाकतो
आणि हेमांगीचा वर्ग बुडतो.

वर्ग तिकडे सकाळी नऊला भरतो,
एका दवाखान्याच्या तळघरात.
ती परत आली तेव्हा पाठीवर सॅक होती,
पायात दुसऱ्याच कुणाचे बूट,
आणि अर्धवट राहिलेलं वर्ष.
आता लारिसाबाई तिला मोबाइलवर मणका दाखवतात –
कॉलेजच्या कपाटातून उचलून आणलेला एकच,
लोकरी रुमालात गुंडाळलेला.
त्याआधी हजेरी. हजेरीत दोन प्रश्न :
झोपलीस का? जेवलीस का?

दळण घेऊन आलेल्या बायका ओट्यावर बसतात,
डबे नंबराने.
जिन्यातून इंग्रजी खाली गळत राहतं.
शाहीनबी आता 'सर्व्हायकल' म्हणते, बरोबर म्हणते.
पहिल्यांदा सायरन वाजला
तेव्हा दगूबाईनं मान वर केली. तिचा नवरा
मिल बंद पडेपर्यंत साच्यावर होता.
"पाळी सुटनी का वं तठली?"
मी हसलो. हेमांगी नाही.

एकदा चूक माझीच.
घड्याळ मागे पडलेलं, मी खटका दाबला.
पट्टा फिरला, घरघर वर गेली
आणि पडद्यावरची बाई एकदम टेबलाखाली.
मेणबत्ती तेवढी राहिली.
खटका पाडला, पण पट्टा थांबायला वेळ घेतो.
हेमांगी फोन घेऊन धावत जिना उतरली,
माझ्या तोंडासमोर धरला –
भुवया पांढऱ्या, कान पांढरे.
"माझा भाऊ. हे पीठ."
बाई वर आल्या. केस सारखे केले.
गहू का, म्हणाल्या.
नाही, दादर.
दादर म्हणजे काय हे सांगण्यात पाच मिनिटं गेली.
मग पुन्हा सातवा मणका.

तेव्हापासून वर्ग सुटताना त्या विचारतात,
आज काय दळलं?

गेल्या आठवड्यात तीन दिवस फोन लागला नाही.
पहिल्या दिवशी मी साडेबाराला खटका पाडला, सवयीनं.
दुसऱ्या दिवशी चालूच ठेवावी म्हणत होतो,
गिऱ्हाईक तरी किती ताटकळवायचं.
दगूबाईनं डबा ओट्यावर ठेवला नि मांडी घातली.
"राहू दे बंद."
वर हेमांगी एकटीच मणके मोजत होती, मोठ्यानं,
स्वतःच्या मानेवर बोट ठेवून.

काल दीडला मेसेज आला.
लाइट नाही. अकरावं प्रकरण वाचून ठेवा.
जेवा.
आणि खाली तो नेहमीचा प्रश्न.
हेमांगी जिन्यात उभी, अंगठा पडद्यावर तसाच.
नंबर दगूबाईचा होता, डबा अजून भरलेला.
"सांग तिले, बाजरी," ती म्हणाली.
"आनि इचार, ती जेवनी का."