पासष्ट वर्षांची ओळख

फॅरो बेटं, १८४६

हान्नुस कोपनहेगनहून परतला, तेव्हा नाक वाहत होतं, एवढंच.
पिंपं बनवणाऱ्याचा पोर. डोळे लालसर.
"बोटीवरचा वारा," म्हणाला. आम्ही मानलं.

त्याच आठवड्यात व्हेल शिरले खाडीत.
सात गावांच्या होड्या वल्ह्याला वल्हं घासत,
ओरडून घसे बसलेले.
रात्री एकाच खोलीत ओली माणसं
हात गुंफून नाचली, खिडक्यांवर वाफ धरेपर्यंत.
एका खोकल्याला तेवढं पुष्कळ झालं.

मग काहीच नाही.
मेंढ्यांची लोकर उतरवली, मासे वाळत घातले.
चौदाव्या दिवशी
सातही गावांत कानामागून लाल पुरळ उतरलं,
जणू त्या रात्रीच कुणी तारीख देऊन ठेवली होती.

आता गवत उभंच आहे.
एल्सपाच्या घरी नऊ माणसं आडवी,
गाय हंबरते, म्हणून मी जाते.
एकाहत्तरीची सुन्निवा, बादली घेऊन.

मी सहा वर्षांची असताना आला होता हा गोवर.
मला त्याचं काही आठवत नाही.
फक्त खिडकीला टांगलेली घोंगडी,
आणि शेजारचा बिछाना,
ज्यात सकाळी टुम्मास नव्हता.

हल्ली सुया अंबाड्यात खोचून सुया शोधते मी,
मुलाला टुम्मास म्हणून हाक मारते.
पण आत, हाडांच्या कुठल्याशा सांदीत,
कुणीतरी अजून जागं आहे
ज्यानं त्या चोराचं तोंड पाहून ठेवलंय.
कडी वाजली की उठतं,
मला न विचारता
त्याला उंबऱ्यावरूनच परतवून येतं.
मला साधी शिंकसुद्धा नाही.

पाद्री म्हणतो, देवाची कृपा.
टुम्मासवर का नव्हती,
हे मी बादलीलाच विचारते.

सहा मुलांना अंगावर पाजलं.
विणीचे टाके दिले, नाकाची ठेवण दिली,
वाऱ्याचा वास ओळखायला शिकवलं.
ही एक ओळख देता आली नाही.
ती ज्याच्या त्याच्या अंगानं करून घ्यायची,
आणि सगळीच अंगं त्यातून परत येत नाहीत.

एल्सपाची धाकटी तव्यासारखी तापलीय.
तिची आई रडते. मी म्हणते,
तापू दे, आत भांडण चाललंय तिचं,
तू पाणी पाजत राहा.
खरं तर मलाही कळत नाही कोण जिंकतंय.

पोर तोंड भिंतीकडे फिरवते.
"दिवा टोचतो," म्हणते.

तेलाची वात मी बोटांनी चिमटते.
हे मात्र आठवलं मला.
टोचायचा.