तिसरा टप्पा

साक्री सोडून फाट्याला वळलं
की पवनचक्क्यांच्या मागे दिसतो घारकडा,
काळा, आणि अर्ध्यावर पुढे आलेला.
मार्च संपत आलेला.
दहानंतर खडकावर तळहात टिकत नाही,
म्हणून आम्ही अंधारातच लागलो.

वर आल्यावर वही काढली. लिहिलं :
टप्पा पहिला. फट, बोट जाईल एवढी. पाच.
टप्पा दुसरा. छत. पाय सुटतात, हातांवर लोंबावं लागतं.
सहा, वर अधिकचं चिन्ह.
बोल्ट चार, स्वतः ठोकलेले.
पडलात तर हवेत पडाल, रोप झेलेल,
थोडी लाज वाटेल, एवढंच.
टप्पा तिसरा. गवत, मुरूम, तिरका उतार.
दोन. पोरंही जातील.

सुकलाल शेजारी कळण्याची भाकरी मोडत होता.
त्याचा बाप याच कड्यातून मोहोळं काढायचा,
वाखाच्या दोरावर.
"दोन म्हणजे?"
सोपं, मी म्हटलं.
छताकडे बघून तो हसला.
उताराकडे बघून हसला नाही.
"तठे मानूस डरस, म्हनीसन पडत नही.
आठे डरत नही."

बाप छताखालून मध घेऊन वर आला होता.
दोर सोडला. डबा काखेत.
बिडी पेटवायला दुसरा हात मोकळा केला
आणि पायाखालचा मुरूम चालू लागला.
मुंग्या तीन दिवस मध नेत होत्या,
सुकलाल म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा
ठेच्यात बुडवून तसाच धरून बसला.

आकडा बोटांचं बळ मोजतो,
किती ताणायचं, किती लोंबायचं.
हात सुटल्यावर पुढे काय,
हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.
बाहेरच्या देशांत त्यासाठी वेगळं अक्षर लावतात म्हणे,
अवघडपणाला एक, जिवाला एक.
दोन्ही एकाच ओळीत राहतात,
सावत्र भावांसारखी.

मी दोन खोडलं नाही.
उतार खरंच दोनचा होता.
शेजारी जागा सोडली
आणि वही सुकलालपुढे धरली.
त्यानं पेन उलटसुलट पाहिलं,
एक बारकी तिरपी रेघ मारली,
टोकाशी ठिपका.
"हे काय?"
"बिडी."

उतरताना तिसऱ्या टप्प्यावर
मी गाठ दोनदा तपासली.
सुकलालनं तिसऱ्यांदा.