पस्तीस मिलिलिटरचा झुरका

सातपूरच्या त्या प्रयोगशाळेत
माझ्या ताब्यात वीस तोंडांचं एक यंत्र होतं.
मिनिटाला एक झुरका,
दोन सेकंदांचा, पस्तीस मिलिलिटरचा,
ना कमी ना जास्त.
त्याला खोकला नव्हता, बायको नव्हती,
रात्रपाळी सुटल्यावरची ती पोकळी नव्हती.
इतका शिस्तीचा ओढणारा
मी अख्ख्या नाशकात दुसरा पाहिला नाही.

कांड्या आधी दोन दिवस कपाटात ठेवायच्या,
बावीस अंशांवर, साठ टक्के दमटपणात.
बाहेर जानेवारी, निफाडकडून बोचरा वारा,
आम्ही तळहात चोळत उभे
आणि त्या आत, बाळंतिणीसारख्या जपलेल्या.

मग पांढऱ्या चकतीवर टार उतरायचं,
आधी पिवळं, मग चहा सांडून वाळल्यासारखं.
मी ते तोलायचो, दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत.
वरून हुकूम आला होता:
बारा मिलिग्रॅम आहे, चार करा.
चव तीच ठेवा.

तंबाखू फुगवून पाहिली, कागद बदलला.
शेवटी निघाला तो उपाय अगदीच साधा:
फिल्टरभोवती लेझरनं पाडलेली छिद्रांची एक ओळ,
उजेडाकडे धरली तरच दिसेल न दिसेल अशी.
धुरात हवा शिरते. यंत्र हवाच पिऊन घेतं.
आकडा पडला, चारवर येऊन थांबला.
साहेबांनी पेढे वाटले.
"निकोटिन मात्र बेतानं उतरवा, सोनजे,
नाहीतर गिऱ्हाईक विसरून जाईल
आपण कशाला आलो होतो ते."

दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर
टेम्पोवाला खैरनार तीच कांडी ओढत होता,
नमुन्यातली, मीच दिलेली.
अंगठा आणि तर्जनी
नेमकी त्या ओळीवर.
गाल असे आत गेले
की बाहेरून दाढा मोजाव्यात.
"हलकी आहे," म्हणाला, "ओढावी लागते."
मग म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलं कमी कर.
केली ना. आधी दहा भारी, आता अठरा हलक्या."
आणि हिशेब जुळलेल्या माणसासारखी
राख झटकली.

त्या रात्री मी एकटा थांबलो.
चिकटपट्टीच्या बारीक फिती कापल्या,
एकेका कांडीची छिद्रं बुजवली,
वीसही तोंडांत दिल्या.
यंत्रानं कुरकुर केली नाही.
ते कधीच करत नसे.
चकती तोलली: अकरा पूर्णांक आठ.
काट्यावर धूळ असेल म्हणून काटा पुसला,
पुन्हा तोलली.

सकाळी वही साहेबांपुढे ठेवली.
त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, घातला.
"चाचणीच्या नियमात बोटं कुठे आहेत, सोनजे?"
मी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.
खरंच नव्हती.
ओठही नव्हते.

त्यांनी पान फाडलं नाही, सभ्य माणूस.
पुढच्या पानापासून फक्त नवे क्रमांक घातले.
पाकिटावर चार छापून आलं, फिकट निळ्यात.
तो निळाही कुणीतरी असाच
महिनोन् महिने तोलून काढला असणार.

त्यानंतर मी सहा वर्षं तिथंच होतो.
हे सांगायला हवं.
पाथर्डी फाट्यावरच्या दोन खोल्यांचे हप्ते
त्या चारातूनच फिटले.
खैरनारचा टेम्पो पुढे त्याचा पुतण्या चालवू लागला.
का, ते मी विचारलं नाही.

परवा त्र्यंबक नाक्यावर
एका पोरानं पानवाल्याकडे हलकी मागितली.
पेटवली. मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो.
"काय काका, पाहिजे का?"
नको म्हणालो.
ओठांवर आलं होतं: बोटं जरा मागे घे, बाळा,
छिद्रं मोकळी सोड,
मिनिटाला एकच, दोन सेकंदांचा.

आणि माझ्याच लक्षात आलं
मी त्याला
यंत्र व्हायला सांगत होतो.