एक ते चारची खिडकी

महाप्याच्या त्या इमारतीला खिडकी एकही नव्हती,
पण आम्ही जगायचो खिडकीच्या हिशोबाने.
गुरुवारी रात्री एक ते चार.
नेटवर्कला हात लावायचा तो तेवढ्यात,
शेजारती झाल्यावर गाभारा झाडावा तसा.

सोळा सह्यांचा कागद,
डब्यात सुकटीची चटणी,
फोनवर अर्धवट झोपलेला तुर्भ्याचा माणूस.
टाकू का?
टाक.
मग सगळे श्वास धरून पंख्यांचा आवाज ऐकत.

रजिस्टरात शेवटचा रकाना: जबाबदार व्यक्ती.
दोन हजार नऊच्या एका पानावर
तिथे लाल शाईत मी आहे, परशुराम मढवी.
एक आकडा चुकला,
उरणकडची बाजू पावणेतीन तास मुकी.
त्या वेळात कोण कोणाला फोन लावत होतं
ते मला कधी कळलं नाही.
अजून तीनला जाग येते.

आता फरहीन काझी येते, कौशाहून,
पाठीला सॅक, बोटांवर फिकटलेली मेंदी.
म्हणते, काका, महिन्याचं सगळं एका रात्रीत कोंबण्यापेक्षा
थोडं थोडं बदलू, दिवसातून दहादा, उजेडात.
मी म्हटलं, पोरी, दिवसा लोक बोलत असतात.
ती म्हणाली, म्हणूनच.

त्या "म्हणूनच"वर मी आठवडाभर अडून बसलो.

मग तिने पाइपलाइन दाखवली.
कोड एका तपासणीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत,
कुठे खटकलं तर तिथेच थांबतो.
बापाच्या मिठागरात पाणी असंच
वाफ्यावाफ्यातून पुढे सरकायचं.
घाई केली की मीठ कडू.
हे मी तिला सांगितलं नाही,
मान तेवढी हलवली.

पहिला टॉवर कुठला घ्यायचा?
सगळे एकदम स्क्रीनकडे बघू लागले.
मी म्हटलं, गोठिवलीचा घ्या,
तळ्याजवळच्या इमारतीवरचा.
माझं घर त्याच्यावर बोलतं.

मंगळवार, सव्वाअकरा, हातात चहा.
तिने बटण दाबलं. आलेख झुकला, लाल झाला,
आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत
यंत्राने आपणहून जुनं जागेवर आणून ठेवलं.
चाळीस सेकंद.
कोणी ओरडलं नाही.
फरहीनने लिहिलं, काय चुकलं.
खालच्या ओळीत, का.
मी "कोण"चा रकाना शोधत राहिलो.
नव्हताच.

दुपारी दोनला दुरुस्त करून पुन्हा टाकलं.
टिकलं.
मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.
काय झाला? सुगंधा घाबरली. दिवसाचा कसा फोन?
असाच.
थोडा वेळ दोघंही गप्प. लाइन स्वच्छ,
मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.
मग म्हणाली,
सकाली ताईशी बोलताना येकदा तुटला व्हता.

मी कठडा धरला. मग?

मंग काय. परत लावला.
वांग्याचा सांगत व्हती.